ट्रायल न घेतलेली खरेदी

कुरवंड्यात सुहास ओव्हाळांना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याबरोबर बाजारात जायला तयार होईल असाही सापडायचा नाही. अहो, कांदे घ्यायचे म्हटले तरी हा गृहस्थ लोणावळ्याच्या मंडईत तीन गाळ्यांवर भाव विचारणार, तिसऱ्याचा भाव दुसऱ्याला सांगणार, दुसऱ्याचा पहिल्याला, आणि परत तिसऱ्यापुढे उभं राहून म्हणणार, "हं, आता शेवटचं बोला." त्यांची बायको ज्योत्स्ना तोवर पिशव्या मांडीवर घेऊन रिक्षात बसलेली असायची. "माझं लग्नसुद्धा यांनी तीन स्थळं बघूनच ठरवलंय," असं ती चारचौघांत सांगायची. त्यावर सुहासभाऊ अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "चार. एक वरसोलीचं होतं."

त्यात त्यांचा तरी काय दोष? आंबीच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं ते खरेदी खात्यात. तिथला नियमच तसा. वस्तू बोल्ट असो नाहीतर बॉयलर, तीन ठिकाणांहून कोटेशन मागवायचं, तिन्ही भाव आणि तिन्ही मालांचे गुण एका कागदावर शेजारी शेजारी मांडायचे, शेवटच्या रकान्यात शेरा लिहून सही करायची. या कागदाला तिकडं कंपॅरेटिव्ह म्हणतात. आणि कागदावर ठरलं म्हणून लगेच माल उचलायचा नाही. आधी नमुना मागवायचा, चालवून बघायचा. ही ट्रायल. एकदा कागदावर सगळ्यांत सरस ठरलेले हातमोजे सुहासभाऊंनी आठ दिवस भट्टीवरच्या कामगारांना घालायला लावले. पाचव्या दिवशी फाटले, अख्खा माल परत पाठवला. पुरवठादार मिठाईचा पुडा घेऊन भेटायला आला, तर पुडाही परत. असा माणूस.

चिंगूस मात्र नव्हता, हे आधी लक्षात घ्या. कुणाच्या दवाखान्याला, कुणाच्या पोराच्या फीला सगळ्यांत आधी खिशात हात घालणारे हेच. त्यांना चीड होती ती फसवलं जाण्याची. वडील तुंगार्लीला बंगल्यांवर माळीकाम करायचे. एकदा त्यांनी हौसेनं मोठ्या कंपनीचा म्हणून रेडिओ आणला. वर नाव कंपनीचं, आत सगळा भंगार माल. महिन्याभरात रेडिओ मुका झाला आणि वस्तीतली माणसं वर्षभर वडिलांना "बातम्या काय म्हणतात?" म्हणून छळत राहिली. आठ-नऊ वर्षांच्या सुहासनं ते सगळं बघितलं होतं. तेव्हापासून कुठल्याही वस्तूवरचं नाव बघितलं की याच्या कपाळावर आठी. नावाचे पैसे आपण द्यायचे नाहीत, वस्तूचे द्यायचे, हे त्यानं पक्कं केलं. त्याच जोरावर कारखान्यात मान मिळवला, घर बांधलं, एकुलत्या एका पोरीला वाढवलं.

पोरगी अमृता. बापाचं नाक आणि आईची जीभ घेऊन आलेली. बारावी झाली आणि हिनं सांगितलं, मी पुण्याला व्हिडिओ एडिटिंग शिकणार. म्हणजे काय हे आधी कुणाला कळेना. तर चित्रीकरणाचे तुकडे कॉम्प्युटरवर कापायचे, जोडायचे, त्याला आवाज लावायचा आणि त्यातून एक सलग फिल्म करायची. सुहासभाऊंनी तीन कॉलेजं बघितली, लोकलनं रोज जाऊन-येऊन करता येईल असं एक ठरवलं. फी भरली. मग प्रश्न आला लॅपटॉपचा.

तिला हवा होता एका बड्या कंपनीचा. चंदेरी, पातळ, हातात घेतला तर वहीएवढा. घरात त्याचं नावच पडलं 'भारीवाला'. तेवढ्याच कामाचा दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. मग काय विचारता!

"पप्पा, आमच्या वर्गात निम्म्या जणांकडं भारीवालाच आहे."

"म्हणजे निम्म्यांकडं नाही."

"तो हँग होत नाही."

"कोण म्हणतं? विकणारा?"

"वापरणारे म्हणतात!"

"एवढे पैसे ओतून बसलेला माणूस कशाला सांगेल, की मी फसलो म्हणून?"

ज्योत्स्ना मधे पडली, "अहो, घ्या ना, एकुलती एक पोरगी आहे." पण एकुलती एक आहे म्हणून तर सुहासभाऊंना तिच्या बाबतीत फसायचं नव्हतं. त्यांनी रविवार घालवून, पट्टीनं रेघा मारून कंपॅरेटिव्ह केलं. प्रोसेसर, मेमरी, बॅटरी, वजन, वॉरंटी, दुरुस्ती कुठं होते, सुटे भाग मिळतात का, सगळे रकाने. तिन्ही लॅपटॉप कागदावर जवळजवळ बरोबरीत आले आणि किमतीत भारीवाला साफ आपटला. मग त्यांनी पेन अमृतापुढं केलं. कारखान्यात ज्याला वस्तू हवी असते त्याचीही सही लागते ना! तिनं गाल फुगवून सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पप्पा जिंकले.' दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नवा लॅपटॉप घरात आला, तेव्हा आपणच त्याला हळदीच्या रंगाचं कव्हर घालून मिरवायला लागली. सुहासभाऊंनी तो कागद फाईलला लावला. त्यांना वाटलं, पोरीला व्यवहार शिकवला.

आणि ट्रायल? हातमोज्यांच्या जोडीची ट्रायल घेणाऱ्या माणसानं पोरीच्या कामाच्या हत्याराची ट्रायल घेतली नाही. दुकानदार कुठला आठ दिवस लॅपटॉप घरी देतोय, हे खरं, पण यांनी विचारलंसुद्धा नाही. घरचीच खरेदी, त्यात एवढं काय, असं वाटलं असणार. मला या माणसाचा राग येतो तो इथं येतो. आणि राग येऊनही काही उपयोग नाही, कारण त्यांना स्वतःचा माझ्याहून जास्त येतो.

पुढं दीड वर्ष सगळं सुरळीत चाललंय असंच दिसत होतं. लॅपटॉपचा पंखा घरघरायचा, खालून तो इस्त्रीसारखा तापायचा, अमृता त्याच्याखाली स्टीलची ताटली ठेवायची. सुहासभाऊंनी विचारलं, "काय गं, बरा चालतो ना?" की ती म्हणायची, "मस्त चालतो पप्पा." रविवारी सकाळी मात्र ती स्कूटी काढून तुंगार्लीला जायची. तिथं तिच्या वर्गातली समीक्षा राहायची. त्यांचा बंगला पर्यटकांना भाड्यानं जायचा, मागच्या दोन खोल्यांत घरची माणसं. दोघी मैत्रिणी दिवसभर गप्पा छाटत बसतात, असं सुहासभाऊ समजून चालले होते. "एवढं काय असतं गं तुमचं?" ते विचारायचे. "असतं," ती म्हणायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ती अशीच निघाली. तुंगार्लीच्या रस्त्यावर वळणावर समोरून पर्यटकांची गाडी आली, भरधाव. आत गाणी चालू होती म्हणे. अमृताच्या डोक्यावर हेल्मेट होतं, वेग कमी होता, बाजू बरोबर होती. कशाचाच उपयोग झाला नाही. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. एकोणीस वर्षं आणि चार महिने.

घरात पोर गेली की काय होतं, ते मी सांगून काय कळणार? ज्योत्स्ना गावच्या अंगणवाडीत सेविका. ती पंधरा दिवसांनी कामावर गेली, कारण तिथं लहान पोरं वाट बघत होती आणि घरात कुणी नव्हतं. सुहासभाऊही कारखान्याच्या बसमध्ये जाऊन बसायला लागले. बाजारात मात्र जाणं सोडलं. ज्योत्स्ना आणेल ते, आणेल त्या भावानं. भाजीवाली मावशी एकदा ज्योत्स्नाला म्हणाली, "बाई, साहेबांना धाडा की एकदा, करू द्या घासाघीस." ज्योत्स्ना तिथंच, मंडईत उभ्या उभ्या रडली.

वर्षश्राद्धबिद्ध त्यांच्यात नाही. बौद्धांच्या घरात पहिल्या स्मृतिदिनाला वंदना होते, भंतेजी येतात, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं समाजाला काही दान देतात. कुणी विहाराला पंखे देतं, कुणी खुर्च्या, कुणी पुस्तकांचं कपाट. कुरवंड्याच्या विहारामागं एक अभ्यासिका होती. पत्र्याची खोली, चार बाकं, वीसेक पोरं. भरतीचे फॉर्म भरायला, ऑनलाइन पेपर सोडवायला या पोरांना लोणावळ्याला जावं लागायचं. तेव्हा अमृताच्या नावानं अभ्यासिकेला कॉम्प्युटर द्यायचा, हे नवराबायकोचं दोघांचं एका शब्दात ठरलं. विहाराचं सगळं बघणारे सखारामआबा तर ऐकून डोळे पुसायला लागले.

मे महिन्यात सुहासभाऊ समीक्षाला स्मृतिदिनाचं सांगायला म्हणून फोन करून बसले. इकडचं तिकडचं झालं. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "तुम्हा दोघींच्या रविवारच्या गप्पा राहिल्या गं." मग समीक्षा म्हणाली, "काका, गप्पा नव्हत्या. ती कामाला यायची. तिच्या लॅपटॉपवर एक्स्पोर्ट, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची शेवटी सलग फिल्म काढणं, व्हायचं नाही ना. माझ्याकडं भारीवाला आहे, त्यावर करायची." आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते, आणि ती "काका, काका" करत राहिली.

पोरगी त्या रस्त्यावर का होती, याचं उत्तर सुहासभाऊंना इतके महिने माहीत नव्हतं. मैत्रिणीकडं चालली होती, नशीब खोटं, एवढंच होतं. आता कारण मिळालं, आणि त्या कारणावर त्यांची सही होती.

पण माणसाचं मन बघा कसं असतं. त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली. भारीवाला खरंच चांगला असला, तर दोष आपला. आणि तो नुसताच नावाचा असला, पोरांचं आपलं वेड असलं, वर्गातल्या बाकीच्यांनी केलं म्हणून हिनंही केलं असलं, तर मग आपण चुकलो नव्हतो. मग ती त्या रस्त्यावर असण्यात आपला हात नव्हता. कॉम्प्युटरला एवढी किंमत देण्यात अर्थ आहे का, हा प्रश्न एका बापानं इतक्या जिवाच्या आकांतानं कधी विचारला नसेल.

कारखान्यातला कॉम्प्युटर बघणारा विक्की, त्याला विचारलं. विक्की म्हणाला, "नावाचेच पैसे हो साहेब." सुहासभाऊंना जरा बरं वाटलं. पण विक्कीला सगळं माहीत होतं, त्याची नजर जमिनीला होती. आणखी दोघांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, तितक्याच मायेनं. सत्तावीस वर्षं पुरवठादारांची तोंडं वाचलेला माणूस तो. त्याला कळणार नाही होय, की ही कोटेशनं खोटी आहेत?

मग एका शनिवारी दुपारी त्यांनी अमृताचा लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्कूटर काढली. तुंगार्लीच्या त्या वळणाजवळ आले तेव्हा उतरले, आणि तेवढा रस्ता गाडी ढकलत चालत गेले. समीक्षानं दार उघडलं, तर समोर घामाघूम झालेले काका.

"समीक्षा, मला ट्रायल घ्यायचीये," ते म्हणाले.

तिला बिचारीला काही समजेना. त्यांनी समजावून सांगितलं. अमृताचं शेवटचं काम समीक्षाच्या लॅपटॉपवर अजून तसंच होतं. कॉलेजसाठी केलेली चार मिनिटांची फिल्म, नागफणीच्या कड्याकडं जाणाऱ्या वाटेवर ताक आणि लिंबूसरबत विकणाऱ्या बायांवरची. तेच काम दोन्ही लॅपटॉपवर घ्यायचं, एकाच टेबलावर, एकाच वेळी दोन्हींवर शेवटचं बटण दाबायचं आणि घड्याळ लावायचं. समीक्षा रडायच्या बेताला आली. "काका, कशाला?" पण त्यांनी खुर्ची ओढली होती आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं.

बटणं दाबली. भारीवाल्यानं आवाजसुद्धा केला नाही. त्याच्यावरची निळी पट्टी सरकत गेली आणि नऊ मिनिटांत काम संपलं. अमृताच्या लॅपटॉपचा पंखा तोवर घरघरायला लागला होता. नऊ मिनिटांत त्याचा आकडा होता चार टक्के. सुहासभाऊ बसून राहिले. समीक्षाच्या आईनं चहा आणला, तो गार झाला. तासाभरानं एकतीस टक्के. टेबल तापलं म्हणून समीक्षा उठली आणि आतून स्टीलची ताटली आणून तिनं त्याच्याखाली सरकवली. दोन तासांनी अडुसष्ट टक्क्यांवर पट्टी थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग पडदा काळा झाला आणि सगळं बंद.

"आता?" सुहासभाऊंनी विचारलं.

"आता परत पहिल्यापासून," समीक्षा म्हणाली. "ती दोन-दोन, तीन-तीनदा करायची काका. मग कंटाळून सगळं पेनड्राइव्हवर घालून माझ्याकडं आणायची."

"मला का नाही सांगितलं तिनं? एक शब्द टाकला असता तर..."

"मी म्हणायचे तिला. तर म्हणायची, नको, पप्पांनी रविवार घालवून एवढा अभ्यास करून घेतलाय. त्यांना कळलं की ते चुकले, तर त्यांना फार लागेल."

भारीवाल्यावर तयार झालेली फिल्म समीक्षानं लावली. वाटेवर ताकाचं मडकं घेऊन बसलेली एक मावशी दिसली आणि मागून अमृताचा आवाज आला, "मावशी, इकडं बघू नका, तुमचं तुमचं काम करा." एवढंच. सुहासभाऊंनी हात पुढं करून लॅपटॉपचं झाकण खाली केलं. त्यांना तो आवाज सहन झाला नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून ते त्या परक्या घरात ओक्साबोक्शी रडले. भारीवाला पैसे वसूल करणारा होता. पोरगी खरं बोलत होती, पहिल्या दिवसापासून.

घरी आले ते ठरवूनच. "ज्योत्स्ना, अभ्यासिकेला भारीवालाच द्यायचा."

ज्योत्स्ना भाकऱ्या करत होती. तिनं विचारलं, "आणि त्या पैशात साधे किती येतात?"

"तीन."

"मग तीन द्या. वीस पोरं आहेत हो. एकावर वीस जण कसे बसणार? मारामाऱ्या होतील."

"मी तिला नाही म्हटलं होतं."

"म्हणून? आता ती येणारे का वापरायला?"

हे वाक्य बोलून ज्योत्स्ना स्वतःच दचकली, पण बोलून गेली होती. मग सुहासभाऊंनी तिला समीक्षाकडचं सगळं सांगितलं. नऊ मिनिटं, अडुसष्ट टक्के, आणि 'पप्पांना लागेल' तेही. तव्यावरची भाकरी करपून गेली. नवऱ्याला तिनं एका शब्दानं बोल लावला नाही, आणि त्यांना वाटत होतं की लावावा. शेवटी गॅस बंद करून ती म्हणाली, "तरी पण तीनच द्या. पोरांचं बघा." आणि आत निघून गेली.

आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं. सुहासभाऊ सखारामआबांकडं गेले. आबा विहाराच्या पायरीवर बसले होते. "आबा, एकच दिला, पण लय भारी दिला तर चालंल का?"

आबांनी त्यांच्याकडं निरखून बघितलं. "सुहास, तू देशील त्ये आमी डोक्याला लावून घिऊ. त्यात इचारायचं काय? पर इचारलंस म्हून सांगतो. पोरं लय हायेत रं. भरतीचा फारम सुटला की समदी एकदम येत्यात. एका मशीनवर कुटं पुरायची?"

"पण तो चांगला असतो आबा."

"आसंल की. आमी कुटं न्हाई म्हनतो?"

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातल्या आपल्या टेबलावर, सुहासभाऊंनी कोरा कागद घेतला आणि पट्टीनं रेघा मारल्या. दुसरं करणार काय, माणसाला तेवढंच येत होतं. या वेळी त्यांनी पहिलाच रकाना केला, 'काम काय?' मागच्या कागदावर हा रकाना नव्हता. अभ्यासिकेतलं काम काय? फॉर्म भरणं, मराठी-इंग्रजी टायपिंग, सराव पेपर, कधीतरी शिकवणीचा व्हिडिओ बघणं. यातल्या कशालाच भारीवाल्याची गरज नव्हती. साधा बिघडला तर विक्की स्क्रू खोलून बघू शकत होता, भारीवाला बिघडला तर पुण्याला न्यायला लागणार होता. एका वेळी किती पोरं बसतील? एक, आणि तीन. सुहासभाऊंनी गुण मांडले आणि बेरीज केली. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. भारीवाल्याच्या रकान्यात 'टिकाऊपणा' म्हणून दहा गुण उगाच वाढवले. तरी तो हरत होता. आणखी दहा वाढवले. आता तो जिंकला. त्या खोट्या बेरजेकडं ते सुट्टी संपेपर्यंत बघत बसले. भोंगा झाला, तेव्हा त्यांनी ते वीस गुण खोडले.

एकदा ज्या पोरीला हवं ते मिळायला पाहिजे होतं, तिला कागदानं नाही म्हटलं, आणि कागद चुकीचा होता. आता कागद बरोबर होता, आणि तोही नाहीच म्हणत होता. या माणसानं करावं तरी काय, तुम्हीच सांगा. खोटं बोलून पोरीच्या नावानं दान द्यावं? ते त्यांच्यानं होईना.

जुलैच्या शेवटी त्यांनी तळेगावातून तीन साधे कॉम्प्युटर घेतले. घेण्याआधी दुकानदाराला म्हणाले, "तुमच्यापुढंच बसून दोन तास चालवून बघणार." दुकानदारानं तोंड वाकडं केलं, पण यांनी स्टूल ओढलंच. तिन्हींवर फॉर्म भरून बघितले, टायपिंग केलं, पेपर उघडले. एकही अडला नाही. भाव मात्र केला नाही. दुकानदारानं सांगितला तो मुकाट्यानं दिला.

टेम्पो वस्तीत शिरला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. अभ्यासिकेतली पोरं वासावरच होती. "आले, आले, काकांचे कॉम्प्युटर आले!" करत ती टेम्पोमागं धावली. मोठमोठी खोकी त्यांनीच उतरवली आणि ओव्हाळांच्या पुढच्या खोलीत रचून ठेवली, स्मृतिदिनापर्यंत. एकानं खोक्यावरचं कंपनीचं नाव मोठ्यानं वाचलं. एक पोरगी म्हणाली, "तीन आहेत, तीन! आता आम्हा मुलींना वेगळा." मग सगळी पोरं दंगा करत निघून गेली.

ज्योत्स्ना अंगणवाडीतून आली. चप्पल काढता काढता तिची नजर खोक्यांवर गेली. ती दारातच उभी राहिली. तिनं एकेका खोक्याकडं बघितलं, मग खोक्यांच्या मागं वाकून बघितलं, जणू तिथं आणखी एखादं असेल.

"तीनच आणलेत?" तिनं विचारलं.

"हो. तू म्हणालीस तसे." सुहासभाऊंना वाटलं, तिला आता बरं वाटेल. "चालवून बघितलेत. चांगले आहेत."

ज्योत्स्ना खाली बसली, उंबऱ्यातच. गेलं वर्षभर ती शहाण्यासारखी वागली होती. कामावर गेली होती, स्वैपाक केला होता, आल्यागेल्याशी बोलली होती, नवऱ्याला सांभाळलं होतं. ते सगळं त्या उंबऱ्यात सुटलं.

"मी म्हणणारच ना हो तीन," ती हुंदके देत म्हणाली. "अंगणवाडीवाली बाई मी, रोज पोरांत असते. मी दुसरं काय म्हणू? पण तुम्ही... आयुष्यभर बाजारात माझं एक ऐकलं नाहीत. मला वाटलं, या वेळी पण नाही ऐकणार. मला वाटलं, आज घरात तिचा भारीवाला येईल."

सुहासभाऊ तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मग त्यांना एकच सुचलं. खिशातलं बिल काढून, दोन्ही हातांनी सरळ करत ते म्हणाले, "सात दिवसांत परत घेतात. मी विचारून ठेवलंय. उद्या देऊन येतो. तिचा आणतो. आणू?"

ज्योत्स्नानं पदरानं तोंड पुसलं. बाहेरून, विहाराच्या अंगणातून, पोरांचा गलका ऐकू येत होता, पहिल्यांदा कुणी बसायचं म्हणून पोरं भांडत होती.

"नको," ती म्हणाली. "पोरांनी खोकी बघितलीत."